वाट एका चित्रपटाची

आमच्याकडे शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. २०२६ च्या जानेवारीत वर्ग भरले तेव्हा वरच्या इयत्तेतील मराठीच्या मुलांना आम्ही एक सोपा निबंध लिहावयास दिला. विषय होता, 'या वर्षी मी कशाची वाट पाहत आहे?' वर्गात मुले अवघी सात. कुणी परीक्षेची, कुणी बहिणीच्या लग्नाची, कुणी गणपतीची वाट पाहत असेल अशी आमची समजूत. वह्या तपासू लागलो तर सातांपैकी पाच जण चित्रपटांची वाट पाहत होते! रागवावे की हसावे हे आम्हांला कळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी खडू त्यांच्या हाती दिला आणि म्हटले, "लिहा तर मग, कोणकोणते चित्रपट केव्हा येणार ते."

पाहता पाहता फळा भरला. जूनमध्ये 'टॉय स्टोरी'चा पाचवा भाग. १७ जुलैला ख्रिस्तोफर नोलान यांचा 'द ओडिसी'. ३१ जुलैला नवा 'स्पायडरमॅन'. दिवाळीला नितेश तिवारी यांच्या 'रामायणा'चा पहिला भाग, आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीला. १८ डिसेंबरला 'ड्यून'चा तिसरा भाग आणि त्याच दिवशी 'अ‍ॅव्हेंजर्स'. एकाच दिवशी दोन, म्हणजे तिकिटाचे पैसे दोनदा कसे मिळवायचे यावर तेथेच खल सुरू झाला. ज्या मुलांना भूतकाळाची रूपे तीन महिने सांगूनही राहत नाहीत, त्यांना भविष्यकाळ एवढा तोंडपाठ असावा याचे आम्हांला मोठे नवल वाटले.

खरे सांगावयाचे तर मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वाट पाहण्याचा हा छंद आमच्या बेटाला जुनाच आहे. आमचे वडील सांगत की त्यांच्या तरुणपणी मुंबईत लागलेला चित्रपट येथे यावयास महिनेच्या महिने लागत. चित्रपट म्हणजे तेव्हा पत्र्याच्या डब्यांत भरलेली रिळे. मोठे रीळ वीस-बावीस मिनिटांचे. अडीच तासांच्या चित्रपटाला तशी सात रिळे लागत. ती रिळे देशोदेशी फिरून येथे पोहोचेपर्यंत त्यांवर इतके ओरखडे पडलेले असत की पडद्यावर भर उन्हाळ्यातही पाऊस पडे. तरी त्या पावसात आमची वडील माणसे आनंदाने भिजली. आमच्या स्वतःच्या बालपणी व्हिडिओच्या फिती आल्या. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका झाली. तिच्या फिती आमच्या गल्लीत या घरातून त्या घरात जात. फीत लावण्यापूर्वी आमची आजी दूरदर्शन संचाला हळदकुंकू लावी. आता येणाऱ्या 'रामायणा'चे संगीत ए. आर. रहमान यांच्या जोडीला हान्स झिमर हे जर्मन संगीतकार करीत आहेत असे मुलांनी सांगितले, तेव्हा आजीने पडद्याला हळदकुंकू लावले असते की नसते, हा विचार आमच्या मनात येऊन गेला.

'ओडिसी'विषयी मात्र आमचेच कुतूहल मुलांपेक्षा अधिक आहे. होमरच्या महाकाव्यातील हा नायक. आमच्या मुलांना तो फ्रेंचमधील 'युलीस' या नावाने ठाऊक आहे. ट्रॉयचे युद्ध आटोपल्यावर घरी परतण्यास त्याला दहा वर्षे लागतात. समुद्र, बेटे, वादळे, भुलवणाऱ्या बाया, आणि घरी वाट पाहणारी पत्नी. नोलान यांनी हा संपूर्ण चित्रपट आयमॅक्सच्या मोठ्या फिल्मवर चित्रित केला आहे. एका मुलीने विचारले, "गुरुजी, राम चौदा वर्षांनी घरी येतो, युलीस वीस वर्षांनी येतो. आपले पणजोबा का नाही परत गेले?" पाच वर्षांच्या करारावर मुंबई बंदरातून निघालेली ती माणसे. कराराची मुदत सरल्यावर कुणी परतली, पुष्कळ येथेच राहिली. का राहिली याचे उत्तर एका तासिकेत देण्यासारखे नव्हते. आम्ही म्हटले, "ते राहिले म्हणून तू येथे बसून विचारते आहेस." घंटा झाली आणि आम्ही सुटलो.

असो. सांगावयाचे आहे ते निराळेच. फळ्यावरची यादी आम्ही पुन्हा वाचली. अमेरिका होती, मुंबईची हिंदी होती, एका मुलीने हौसेने एक जपानी चित्रपटही लिहिला होता. मराठीच्या वर्गातील त्या यादीत मराठी चित्रपट मात्र एकही नव्हता. तेव्हा आम्ही खाली आमच्या हाताने एक नाव लिहिले: 'साबर बोंडं'.

सातही चेहरे कोरे. हा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. तो आमच्या पाठ्यपुस्तकात नाही आणि घरात तर कोण उच्चारणार? साबर म्हणजे निवडुंग, आणि बोंड म्हणजे त्याला येणारे ते लाल, काटेरी फळ. "म्हणजे राकेत!" एक मुलगा ओरडला. बरोबर, क्रिओलमध्ये आपण ज्याला राकेत म्हणतो तेच. माळरानावर, दगडधोंड्यांत ते वाढते. काटे काळजीपूर्वक काढावे लागतात. मग आत गोड, लालभडक गर असतो, जो खाल्ल्याची साक्ष जीभ दिवसभर देते.

या नावाचा मराठी चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविला गेला. त्या महोत्सवात प्रथम प्रदर्शित होणारा हा पहिलाच मराठी चित्रपट. तेथील जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक त्याला मिळाले. दिग्दर्शक रोहन कानवडे. मुंबईच्या झोपडपट्टीत एका खोलीच्या घरात वाढलेला, मोटारचालकाचा मुलगा. चित्रपटाचे शिक्षण त्याने कोणत्याही संस्थेत घेतले नाही. शिकला तो घरांची अंतर्गत सजावट. स्वतःचे वडील वारले तेव्हा गावी काढलेल्या दहा दिवसांतून त्याला ही कथा सुचली. भारतात तो १९ सप्टेंबर २०२५ रोजी सिनेमागृहांत लागला.

आम्ही अद्याप तो पाहिलेला नाही. झलक तेवढी पाहिली आहे आणि त्याविषयी जे छापून आले ते वाचले आहे. तेव्हा हे परीक्षण नव्हे. ही एका वाट पाहणाऱ्याची कैफियत समजावी.

कथा साधी आहे. तिशी ओलांडलेला आनंद मुंबईत नोकरी करतो. वडील वारतात. दहा दिवसांच्या सुतकासाठी त्याला आईबरोबर गावी जावे लागते. गावातील नातेवाईक दुखवट्याला येतात आणि बसल्या बसल्या त्याच्या लग्नाचा विषय काढतात. गावात त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या आहे, शेतकरी, त्याच्याही मागे घरच्यांनी लग्नाचा लकडा लावलेला. या दोघा पुरुषांचे एकमेकांवर प्रेम आहे. दहा दिवस संपत येतात तसा, पुढे काय, हा प्रश्न आनंदापुढे उभा राहतो.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आमचा हात क्षणभर थांबला हे कबूल करतो. हे पान घरोघरी वाचले जाते, थोरामोठ्यांच्या पुढ्यात पडते. आमच्या एका स्नेह्यांना ही कथा सांगितली तर ते म्हणाले, "पारितोषिक मिळाले ते ठीक, पण आपल्या समाजाला दाखविण्याजोगे काही दुसरे नाही काय?" आमचे मत त्यांना सांगितले तेच येथे सांगतो. लहान मुलांना तो दाखवावा असे आम्ही म्हणत नाही. आमच्या वरच्या वर्गातील मुलांना दाखवावयाचा झाला तर आधी त्यांच्या आईवडिलांशी बोलू. पण समाजात अशी माणसे नाहीत असे धरून चालणे आम्हांला जमणार नाही. इतकी वर्षे शिकविल्यावर तर मुळीच नाही. २०२३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा माणसांना गुन्हेगार ठरविणारे जुने कलम मोडीत काढले. आणि हा चित्रपट वाद घालीत नाही असे तो पाहिलेले सांगतात. तो एका घरातील दुःखाचे दहा दिवस दाखवतो. ते दहा दिवस कसे असतात हे आपणांपैकी कुणाला ठाऊक नाही?

मराठी बोलपट जगाच्या दरबारात गेला आणि नावाजला गेला, हे प्रथमच घडले असे मात्र नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' हा १९३६ चा. दामले आणि फत्तेलाल यांचा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यानंतर फार मोठा काळ गेला. २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' त्याच व्हेनिसमध्ये दोन पारितोषिके घेऊन आला. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला असा आरोप, आणि मग तारखांवर तारखा. कज्जेदलाली जवळून पाहिलेल्या आमच्या एका नातलगाने तो पाहून एवढेच म्हटले की, यात नट कुठे आहेत, ही तर खरीच माणसे आहेत. त्यांपैकी बरीचशी खरोखरच धंदेवाईक नट नव्हती. २०२० साली ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल'ला व्हेनिसमध्ये उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानी गायकी शिकणाऱ्या आणि आपण मोठे गवई होणार नाही हे हळूहळू उमगणाऱ्या तरुणाची ती गोष्ट. त्यात गुरूच्या गुरू 'माई' दिसत नाहीत, त्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. एप्रिल २०२१ मध्ये भावे गेल्या आणि काही दिवसांतच, त्याच महिन्याच्या ३० तारखेला, चित्रपट नेटफ्लिक्सवर जगभर आला.

जगभर म्हणजे आमच्या बेटावरही. न्यूयॉर्कला ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी येथे मिळाला. रिळांची वाट पाहणाऱ्या आमच्या वडिलांना हे सांगितले असते तर त्यांनी वेड्यातच काढले असते. पण वाचकहो, गंमत पाहा. महिनोन्‌महिने वाट पाहून येणाऱ्या चित्रपटाची गावभर चर्चा होई, आणि क्षणात घरात आलेला हा मराठी चित्रपट आला कधी नि गेला कधी हे आमच्या ओळखीच्या दहा घरांतही कुणाला कळले नाही. आम्ही स्वतः तो फोनवर पाहिला, कानाला यंत्र लावून, रात्री सगळे झोपल्यावर. एवढी सुरेख तानपुऱ्याची साथ, आणि ऐकणारे आम्ही एकटे.

येथेच आमच्या थोरल्या काकींची गोष्ट सांगावी लागेल. काकी ब्याऐंशी वर्षांच्या. क्रिओल बोलतात, भोजपुरी समजतात, आणि घरात जुन्या वळणाची, कोकणच्या मातीची मराठी बोलतात, जी आम्ही शाळेत शिकवितो तिच्याशी फटकून असते. वाचता मात्र येत नाही. त्यांच्या काळी मुलींची शाळा लवकर सुटे. हिंदी चित्रपट त्या कान देऊन पाहतात. हॉलिवूडचे चित्रपट आपल्याकडे पुष्कळदा फ्रेंच बोलत येतात. टेक्सासचा घोडेस्वार फ्रेंचमध्ये धमक्या देतो याचे या बेटावर कुणालाच नवल नाही. तेही काकींना निम्मेअर्धे कळते. पण ज्याला जागतिक चित्रपट म्हणतात तो जपानी बोलतो, इराणी बोलतो, आणि पडद्याच्या तळाशी येणाऱ्या ओळी भराभर वाचाव्या लागतात. काकी म्हणतात, "तुमच्या त्या बक्षिसाच्या सिनेमात माणसं बघायचीच नाहीत. नुसतं वाचायचं!"

२०२५ साली आम्ही घरी 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' पाहिला तेव्हा काकी आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. पायल कपाडिया यांचा हा चित्रपट. २०२४ च्या मे महिन्यात कानच्या मुख्य स्पर्धेत तो दाखविला गेला. त्या स्पर्धेत भारतीय चित्रपट शिरला तो तीस वर्षांनी. तेथे त्याला 'ग्रां प्री' मिळाले, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे पारितोषिक. मुंबईच्या रुग्णालयातील दोन मल्याळी परिचारिका आणि तेथेच स्वयंपाकाचे काम करणारी एक मराठी विधवा, पार्वती. पार्वतीचे काम छाया कदम यांनी केले आहे. बरीचशी भाषा मल्याळी, काही हिंदी. आमची भाची काकींच्या शेजारी बसून खालच्या ओळी क्रिओलमध्ये सांगत होती. मधूनच मराठी कानावर आली तशी काकींनी भाचीचा हात धरला. "थांब गो, हे मला कळतंय."

पार्वती वर्षानुवर्षे ज्या खोलीत राहिली ती तिच्या हातून जाते, कारण तिच्याजवळ कागद नाही. नवरा गेला, कागदपत्रांचे तिला कधी कुणी सांगितले नव्हते. बांधकामवाल्यापुढे तिचे काही चालत नाही आणि ती आपल्या गावी, रत्नागिरीकडे परत जाते. चित्रपटाचा उत्तरार्ध तेथेच, समुद्राकाठी घडतो. आम्ही तो भाग पाहत असता मनात भलतेच चालले होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आपल्या पूर्वजांचे कागद आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव. आम्ही आमच्या पणजोबांचा उतारा तेथून काढून आणला आहे. पार्वतीजवळ घर होते, कागद नव्हता. आमच्याजवळ कागद आहे, त्यावर रत्नागिरी जिल्ह्यातील गावाचे नावही आहे, पण तेथे आमचे म्हणण्यासारखे घर नाही. काकी वेगळेच पाहत होत्या. आपला समुद्र प्रवाळाच्या कुंपणाआत निजलेला असतो. तिकडचा मोकळा, थेट किनाऱ्यावर आपटणारा. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "हाच काय तो? इथून निघाले?" निघाले ते बोटीने मुंबईहून, पण मुंबईपर्यंत येथूनच गेले असणार. आम्ही होय म्हटले.

आपले बेट पडद्यावर पुष्कळदा आले आहे. १९८३ च्या 'सौतन'मध्ये राजेश खन्ना आणि टीना मुनीम आपल्याच किनाऱ्यांवर फिरले, आणि तेव्हा थोरामोठ्यांनी ओळखीची झाडे शोधण्यासाठी तो दोन-दोनदा पाहिला. परंतु तेथे आपला किनारा दिसला, आपण दिसलो नाही. पार्वतीच्या बाबतीत उलट झाले. ती कधी मॉरिशसला आली नाही, येणार नाही, आणि काकी तिच्याकडे चुलत बहिणीकडे पाहावे तशा पाहत होत्या.

म्हणून 'साबर बोंडं'ची वाट. हा सबंध चित्रपट मराठीत आहे. बोली घाटावरच्या खेड्याची, आपली कोकणची नव्हे, तरी काकींना ओळी वाचून दाखवाव्या लागणार नाहीत. तळाशी इंग्रजी ओळी येतील त्या आमच्या सात मुलांसाठी, कारण खरी गोष्ट अशी की त्यांना काकींपेक्षा मराठी कमी कळते. म्हातारी ऐकेल, नात वाचेल, आणि मध्ये बसलेल्या आम्हांला दोन्हीकडून कोपर लागेल. घरच्या पडद्यावर तो आज ना उद्या मिळेल हे आम्ही जाणतो. पण 'डिसायपल'चे काय झाले ते वर सांगितलेच. या वेळी आम्हांला तो अंधाऱ्या मोठ्या दालनात, शंभर माणसांत बसून पाहावयाचा आहे.

त्यासाठी आम्ही एका सिनेमागृहाच्या व्यवस्थापकांना भेटलो. गृहस्थ सौजन्याने वागले, कॉफी पाजली, आणि त्यांच्याकडून जे कळले ते वाचकांना सांगण्यासारखे आहे. मोठे चित्रपट आपल्या पायांनी येतात. त्यांची तारीख तिकडेच ठरते, जाहिरात तिकडूनच येते, येथे फक्त दार उघडावयाचे. महोत्सवातला लहान चित्रपट तसा येत नाही. त्याचे हक्क घेणारा दलाल ते प्रदेशाप्रदेशाने विकतो: फ्रान्सचे एकाला, अमेरिकेचे दुसऱ्याला, भारताचे तिसऱ्याला. आपल्यासारख्या छोट्या देशासाठी स्वतंत्र गिऱ्हाईक बहुधा नसतेच. कुणी तरी येथून मागावे लागते, आणि खेळाचे ठरावीक पैसे द्यावे लागतात. मग चित्रपट येतो तो रिळांतून नव्हे, संगणकाच्या तबकडीतून, आणि तोही कुलूपबंद. त्याची किल्ली वेगळी पाठवितात. ती एका विशिष्ट यंत्रालाच लागते आणि ठरलेल्या दिवसांपुरतीच चालते. मुदत संपली की तबकडी हातात असूनही पडदा काळा. हे ऐकून आम्हांला फार मौज वाटली. वर्गात सांगितले तेव्हा मुलांनाही वाटली.

"पण मराठी चित्रपटाला येणार किती?" त्यांनी विचारले. आम्ही अभिमानाने गणपती विसर्जनाच्या गर्दीचा दाखला दिला. ते हसले. म्हणाले, "ती गर्दी मी दरवर्षी पाहतो. मागे एकदा एक मराठी चित्रपट लावला होता, तेव्हा नऊ माणसे आली. त्यांतली दोन चुकून आली होती." आम्ही निरुत्तर झालो, कारण त्या नवांत आम्हीही नव्हतो. शंभर जणांची नावे आणि आगाऊ पैसे आणून द्या, एका खेळासाठी मी विचारणा करतो, असे त्यांनी सांगितले.

त्या संध्याकाळी काकींकडे गेलो. आधी नाव घ्यावे ते त्यांचे, आणि फसवून घेऊ नये म्हणून कथाही सांगितली. सगळी सांगितली, काही वगळले नाही. काकी तांदूळ निवडत होत्या. बाळ्या आणि आनंदाचे सांगताना आम्ही जरा चाचरलो, पण त्यांचा हात थांबला तो तेथे नव्हे. थांबला तो दुखवट्याला आलेले लोक लग्नाचे बोलतात तेथे.

"आमचा दादापण लगीन करत नव्हता," त्या म्हणाल्या. "बाबांच्या दहाव्यालाच त्याला घेरला सगळ्यांनी. मामा होता, काका होता. मी लहान, मी चहा देत होते. तो काही बोललाच नाही. नुसता खाली बघत बसला."

हे दादा म्हणजे काकींचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना पाहिलेले नाही. आपल्या बेटावरून त्या काळी पुष्कळ तरुण परिचारकाचे शिक्षण घेण्यासाठी विलायतेला जात, तेही गेले. पत्रे येत, पैसे येत, नाताळात एखादा फोटो येई. ते स्वतः पुन्हा आले नाहीत. घरात त्यांचे नाव निघे ते 'लगीन न केलेला' एवढ्यापुरतेच. ते तेथेच वारले, आणि कळविणारे पत्र ज्या गृहस्थाने लिहिले तो त्यांच्याच घरी अनेक वर्षे राहत होता. "मित्र होता त्याचा," काकी म्हणाल्या, आणि सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "चांगलं अक्षर होतं. मी ते पत्र कुणाला तरी वाचायला लावलं होतं. परत कधी काढलं नाही."

आम्ही काही विचारले नाही.

नावांची यादी आमच्या वर्गाच्या दारामागे टांगली आहे. हे लिहीपर्यंत त्रेसष्ट नावे झाली आहेत. त्यांत सात मुलांचे आईवडील आहेत, ज्यांना आम्ही कथा सांगूनच विचारले. दोघांनी नको म्हटले, त्यांचाही आम्ही आदर करतो. ज्या स्नेह्यांनी दुसरे काही नाही काय म्हणून विचारले होते, त्यांनी परवा येऊन आपले आणि पत्नीचे नाव घातले. का, ते सांगितले नाही. आणखी सदतीस हवी आहेत. ज्या वाचकांना यावयाचे असेल त्यांनी आपल्या गावच्या मराठी शिक्षकांजवळ नाव द्यावे. आम्ही एकमेकांना भेटत असतोच. पैसे मात्र तारीख ठरल्याशिवाय देऊ नयेत.

काकींचे नाव यादीत पहिले आहे. त्यांची एक अट आहे, ती व्यवस्थापकांना कळवावयाची आहे. खेळ रविवारी सकाळीच ठेवावा. संध्याकाळी त्यांच्या गावाकडे परतीची बस मिळत नाही.